आईचं 'पानी'

परवाच्या रविवारी आमच्या आईनं चारचौघांत भाषण केलं. खडकीतल्या आमच्या बुद्धविहारात, मुलांच्या वर्गात... आणि मी मागच्या भिंतीला टेकून ऐकत होते.

हा वर्ग आम्ही काही मित्रमैत्रिणी चालवतो. आठवडाभर हिंजवडीत कोडिंग, रविवारी ही पोरं. धडा कुठलाही असो, त्यावर एक प्रश्न विचारायचाच: 'हे कुणी ठरवलं?' हल्ली तो आमच्यावरच उलटतो... "ताई, रविवारी सकाळी उठायचं हे कुणी ठरवलं?" घ्या!

या वेळी वस्तीतल्या आजी-आजोबांनी आपापल्या शाळेबद्दल सांगायचं होतं. आई आधी नाहीच म्हणाली. तिच्या बोलण्यात 'ण'चा 'न' होतो, याची लोकांनी आयुष्यभर टिंगल केली, त्यामुळे माझ्या पालकसभेतही ती नुसती मान डोलवायची. कशीबशी तयार झाली, तर स्वयंपाकघरातून आठवडाभर प्रॅक्टिस ऐकू येत होती... पाणी, कोण, आणि...

उभी राहिली आणि दुसऱ्याच वाक्याला अडकली. "जाऊ द्या पोरांनो, माजं बोलनं काय शुद्ध न्हाई," म्हणून खाली बसायलाच लागली.

तेवढ्यात सातवीतली समृद्धी म्हणाली, "पण आजी, शुद्ध काय ते कुणी ठरवलं?"

आई थांबली. हसली. पदर खोचला आणि सुरू झाली...

"आमच्या गावच्या साळंत माठाला आमी शिवायचं न्हाई. कुनी वरनं वतलं तर प्यायचं, न्हाईतर तसंच घरी. आन् मी पानी मागितलं की मास्तर म्हनायचे, पानी नाही गं, पाणी म्हण!"

मास्तरांचा तो 'ण' तिनं असा खणखणीत लावला की सदाशिव पेठेनंही दाद द्यावी.

"पाणी म्हनायला शिकिवलं... पन पानी काय दिलं न्हाई."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला! त्यानंतर आईसाहेब थांबायलाच तयार नाहीत, शेवटी मीच पोरांना घरी पाठवलं.

मागे ऑफिसात क्लायंटशी बोलायचं ट्रेनिंग झालं होतं. तुमच्या इंग्रजीत 'मदर टंग इन्फ्लुअन्स', म्हणजे मातृभाषेची छाप, फार आहे, तो घालवा, असं मला सांगितलं होतं. आणि मी मुकाट्यानं घालवतही होते...

आता नाही घालवणार. माझ्या बोलण्यात माझी आई ऐकू येते, यासारखा दुसरा अभिमान नाही.