उमाजीनं राखून ठेवलेली पानं

उमाजी धिवराला वाचायचं वेड, आणि वेड तरी कसलं! गोंडपिपरीच्या वाचनालयातून पुस्तक आणायचं, दुपारी तळ्याच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसायचं आणि गावच्या मासे धरणाऱ्या धिवरांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. बदल्यात त्याचं फाटकं जाळं बाकीचे विणून देत. बायको मैना गेल्यापासून दिवसभरात माणसांत बसणं ते तेवढंच.

पंच्याण्णव साली ती कादंबरी आली. परदेशातल्या एका पंतप्रधानाला मारायची सुपारी घेतलेला माणूस. पंतप्रधान वाचणार, हे लेखकानं पहिल्याच पानावर सांगून टाकलेलं. तरी झिंगूसारखा बडबड्या गडीसुद्धा जाळ्याची सुई हातात तशीच धरून बसे. तो मारेकरी घाई म्हणून करत नसे. बंदूक बनवून घेई, खोटे कागद करी, खिडकी निवडी आणि वाट बघे.

"हा आपल्यातलाच होय गा," झिंगू म्हणाला, "गळ टाकून बसनारा."

उमाजीच्या मनाला मात्र भलतंच लागलं. एवढा देशोदेशी फिरतो, पण त्याची वाट पाहणारं कुठंच कोणी नाही.

मारेकऱ्यानं खिडकीतून नेम धरला आणि नेमका मिरची तोडायचा हंगाम आला. सगळे आंध्रात निघाले. उमाजीच्या गुडघ्यानं दगा दिलेला, तो मागं राहिला. जाताना झिंगूनं बजावलं, "आमी आल्याबिगर पुढं वाचू नोको."

नाही वाचलं बिचाऱ्यानं! शेवटची वीस पानं, तासाभराचं काम. वाचनालयातल्या बाई चिडल्या, तरी दोनदा मुदत वाढवून आणली. मोह फुलला, गळून गेला. फाटकं जाळं फांदीला तसंच लटकलेलं. कधी पुढच्या पानाला बोट लागे, की तो चटका बसल्यासारखा काढून घेई. करमत नव्हतं, एकटेपणा अगदी खायला उठे. पण शब्द म्हणजे शब्द.

चैत्र सरता सरता मंडळी परतली, ती प्रत्येकाच्या खांद्यावर नायलॉनचं नवंकोरं तयार जाळं घेऊन. विणत बसायचं कामच उरलं नाही. उमाजी आठ दिवस दुपारी पुस्तक घेऊन पाळीवर बसून आला. नवव्या दिवशी झिंगू सायकलवरून जाताना थांबला, एक पाय टेकवून.

"उमाजीभाऊ, तो सुपारीवाला सापडला का सुटला?"

"मले नाई माहीत," उमाजी म्हणाला. "तुमची वाट पाहून राह्यलो होतो."

झिंगूला ती मस्करी वाटली. तो हसला आणि पायडल मारून निघून गेला.