शेक आणि सलाईन

पहिल्यांदा गुदाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी फार घाबरलो होतो. रेडिएशन झालं, ऑपरेशन झालं, शौचासाठी पोटावर कायमची पिशवी आली. त्या पिशवीसकट मी एसटीच्या गंगाखेड डेपोत पुन्हा कंडक्टर म्हणून रुजू झालो आणि मानवतच्या गाडीवर उभ्यानं तिकिटं काढली. त्यामुळं दोन वर्षांनी गाठ परत आली तेव्हा मी तितका घाबरलो नाही. एवढं जमलं, तर पुढचंही जमेल असं वाटत होतं. फक्त बसवत नव्हतं. गाठ माकडहाडाला चिकटली होती.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. "रेडिएशन आधीच भरपूर झालंय, पुन्हा तेवढं देता येत नाही. लगेच कापायला गेलो तर गाठ पूर्ण निघणार नाही. म्हणून केमो देऊ, आणि त्याच वेळी यंत्रानं त्या भागाला आतपर्यंत शेक देऊ. गाठ तापली की औषध जास्त लागू पडतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण तुमच्यासाठी करून बघण्यासारखं आहे."

"किती तापवणार?"

"एक्केचाळीस-बेचाळीस अंश."

मला हसूच आलं. "म्हणजे आमच्याकडचा एप्रिल की!"

सोबत झरीची माझी थोरली बहीण, आक्का, होती. आयुष्य शेतात गेलेली बाई. तिला काही हसू आलं नाही. "आपल्याकडं काय कमी भाजायलंय व्हय, म्हणून हितं आणून भाजायचं?" ती म्हणाली. पण दवाखान्याच्या कागदावर मी सही केली तेव्हा पेनाचं टोपण तिनंच काढून दिलं.

शेकाच्या दिवशी मला एका कॉटवर निजवलं. कमरेभोवती मोठं कडं, कातडीवर पाण्यानं भरलेल्या पिशव्या, आत तपमान मोजणारी बारीक वायर आणि हाताला केमोचं सलाईन. तास-दीड तास असं पडून राहायचं. नर्स म्हणाली, "कुठं चटका बसला तर लगेच बोला. कमी करता येतं."

पहिल्या वेळी नुसता घाम आला. दुसऱ्या वेळी उजव्या खुब्याजवळ एक जागा भाजायला लागली. मी दात आवळून गप्प राहिलो. वाटलं, जास्त सोसलं तर जास्त गुण येईल. उठलो तेव्हा तिथं लालभडक डाग होता आणि कातडीखाली कडक गोळा.

डॉक्टरबाई चिडल्या. "चटका बसला म्हणजे गाठ जळाली असं नाही. तुमची कातडी आणि खालची चरबी जळाली. सोसणं हा इलाज नाही, सांगणं हा इलाज आहे."

खोलीतून बाहेर आल्यावर आक्का मला बोलली. "लय वाघ झालास का? मुक्यानं भाजूनच घ्यायचं व्हतं तर घरी चुलीत पाय घालायचा."

डाग निवेपर्यंत पुढचा शेक थांबवावा लागला. तिसऱ्या वेळी जरा चटका जाणवला तसा मी आवाज दिला. नर्सनं पाण्याची पिशवी सरकवली, यंत्र कमी केलं, पुन्हा हळूहळू वाढवलं. त्या दिवशी पूर्ण वेळ शेक मिळाला. मग मी दर वेळी बोलायचो, लाजलो नाही.

शेवटच्या शेकानंतरच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. हाडापासूनही सुटल्यासारखी वाटत होती. ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "दिसली तेवढी सगळी निघाली. कापलेल्या तुकड्याच्या कडाही तपासणीत साफ आल्यात."

मी विचारलं, "शेकानं गुण आला की औषधानं?"

"वेगळं करून सांगता येणार नाही," ते सरळ म्हणाले. मला ते उत्तर आवडलं.

आता मी डेपोत चौकशीच्या खिडकीत असतो. सलग दोन तास बसतो. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. परवा आक्का फोनवर म्हणाली, "म्या येते सोबत."

"कापूस वेचायला बाया मिळाल्यात ना? मग तू शेत बघ," मी म्हणालो. "मी जाऊन येतो."

ती म्हणाली, "बरं. डबा मात्र माझ्याकडूनच न्यायचा."