लेबलांवरचं राज्य

बाळांनो, हे आत्ताच लिहायला घेतलं, कारण पर्थमध्ये तुमचं आता बस्तान बसलं आहे आणि आयर्लंडमधल्या डून लेरीच्या घराच्या गोष्टी तुमची आई तुम्हाला तिच्या पद्धतीने सांगू लागेल. पाचव्या शतकातले व्हँडाल टोळीवाले इथेच चुकले. उत्तर आफ्रिकेतला रोमचा एक सुपीक प्रांत त्यांनी जिंकला, तिथे शंभरेक वर्षं राज्य केलं आणि इतिहास लिहायचं काम मात्र ज्यांना छळलं त्या पाद्र्यांवर सोडून दिलं. मी ते तुमच्या आईवर सोडणार नाही.

ही माहिती मला डून लेरीच्या वाचनालयात मिळाली. दर मंगळवारी सकाळी तिथे निवृत्त मंडळींसाठी इतिहासाचा वर्ग असे. बाकीचे चहा-बिस्किटांसाठी येत, मी वही घेऊन जाई. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, नासधूस करणारे म्हणून नाव बदनाम असलं, तरी व्हँडालांनी फारशी मोडतोड केलीच नाही. बड्या जमीनदारांना हाकललं, त्यांच्या बागांत स्वतः राहायला गेले आणि बाकी सगळं पहिल्यासारखं चालू ठेवलं. तेच कारकून, तीच स्नानगृहं, तीच लॅटिन. फक्त धर्माच्या बाबतीत हुकूम कडक.

यात माझा काही संबंध आहे असं मला वाटलं नाही. मी स्वतःला रोमच्या बाजूची समजत होते. शिक्षण इंग्रजीतून, तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, आणि मुलाकडे राहायला आले तर मोहरी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यात! पहिल्याच आठवड्यात मी डबे घासले, वर्णानुक्रमे लावले, प्रत्येकावर माझ्या अक्षरात लेबल चिकटवलं. तुमच्या आईच्या माहेरचा, जळगावचा काळा मसाला हद्दपार केला, कारण वास पडद्यांना लागतो. फ्रिजवर नियमांचा कागद लावला. घरात मराठी बोलायची ती शुद्ध. तुमची आई तिच्या आईशी फोनवर अहिराणीत बोलायची, ते बेडरूमचं दार लावून. तुम्ही माझ्या मराठीला इंग्रजीतून उत्तर द्यायचात, ते मी चालवून घेतलं. शेवटी ती इंग्रजी होती.

तुमच्या आईचं मागणं एकच होतं. तिच्या आईला एक उन्हाळा आयर्लंडला आणायचं होतं. तुमचे ते आजोबा गेल्यापासून त्या जळगावला एकट्या होत्या. मी नाही म्हटलं नव्हतं. "जरा व्यवस्था बसू दे," एवढंच दोन वर्षं म्हणत होते.

एका संध्याकाळी तुमची आई हॉस्पिटलच्या ड्यूटीवर अडकली, तुमचा बाबा अजून चेरीवूडच्या ऑफिसातच होता आणि तुम्हाला भूक लागली. राज्य मी चालवत असले तरी स्वयंपाक क्वचितच करत असे. वरणाला फोडणी द्यायला 'जिरे' लिहिलेला डबा उघडला, तर आत काळा मसाला. तोच, पडद्यांना लागणारा.

"दॅट्स नॉट जिरे, आजी," धाकटी म्हणाली. "जिरे आर इन साबुदाणा."

"मग साबुदाणा कशात आहे?"

"वी डोन्ट हॅव एनी. नोबडी लाइक्स इट."

थोरल्याने तिला चिमटा काढला. "शी वॉजन्ट सपोज्ड टू नो!" मग माझ्याकडे वळून, अगदी शेजारच्या आयरिश काकांसारखा, "इट्स ग्रँड, आजी, इट्स ग्रँड."

आठ वाजता तुमची आई आली. ओट्यावर सगळे डबे उघडे पाहून कोट न काढताच उभी राहिली.

"आई, एकही लेबल काढलेलं नाही हं मी."

"लेबलांचं कोण विचारतंय? आत काय आहे?"

"आत आमचं आहे. वर तुमचं."

"हे माझ्या मुलाला माहीत आहे?"

"त्यानेच तर भरले. मंगळवारी तो घरूनच काम करतो. तुम्ही वर्गाला गेलात की लगेच."

मी त्या रात्री जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही.

पुढच्या मंगळवारी सरांनी काही लाकडी पाट्यांचे फोटो दाखवले. दूरच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांचे ऑलिव्हच्या झाडांचे व्यवहार. वर व्हँडाल राजाचं नाव आणि त्याच्या राज्याचं कितवं वर्ष ते. खाली सगळं जुन्या रोमच्या कायद्याने, जणू राजा आलाच नव्हता. मी वही मिटली. वर्गात दहा आयरिश म्हाताऱ्यांमध्ये एक व्हँडाल राणी बसली आहे, हे फक्त मला कळलं.

घरी आल्यावर तुमच्या आईला म्हटलं, "तुझ्या आईंचं तिकीट काढा."

"आणि व्यवस्था?"

"ती बसलेलीच होती म्हणे. मला सोडून सगळ्यांना ठाऊक."

ती पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्याने हसली. मग रडली, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

विहीणबाई जूनमध्ये आल्या आणि माझ्याच खोलीत राहिल्या. पहिल्याच सकाळी डब्यांची रांग वाचून म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुमचं. पण मी आपली वासावरून ओळखते." तीन महिने आमचं पंख्यावरून आणि खिडकीवरून भांडण चाललं. खिडकी बहुधा त्यांच्या मनासारखी उघडी राही.

नंतर तुम्ही पर्थला गेलात, त्या जळगावला परतल्या, मी आयर्लंडमध्येच, कॉर्कला तुमच्या आत्याकडे आले. तिची नोकरी रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात, आणि तिच्या स्वयंपाकघरात मला डब्यांना हात लावायला बंदी आहे.

माझ्या राज्यातलं आता इतकंच टिकून आहे: दर गुरुवारी सकाळी जळगावहून विहीणबाईंचा फोन येतो, त्या अहिराणीत बोलतात, मला निम्मं कळतं, आणि आम्ही तासभर बोलतो.