साहेबांनी परत पाठवलेली वांगी

बायांनो, आज तोंड लपवावं असं झालंय. फोनमध्ये बोलून लिहितेय, चुका पोटात घाला.

माझी नात पल्लवी जळगावला पाणीपुरवठ्यात मोठी अधिकारी आहे. शंभरदा सांगितलंय, आज पुन्हा सांगते. मागच्या आठवड्यात पहूरकडच्या एका गावाची पाण्याची मोटार जळाली. पोरीने धुळ्याच्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांना एक फोन केला, आणि त्यांनी त्यांच्याकडची जास्तीची मोटार पाठवून दिली! मी तर हरखूनच गेले.

आज ती मोटार परत जायची होती. रिकाम्या हाती कशी पाठवायची? मोटार न्यायला दारात थांबलेल्या ऑफिसच्या जीपमध्ये मी भरताची वांगी ठेवली, आपल्या शेतातली, हिरवीगार. वर ड्रायव्हरला म्हटलं, "साहेबांना सांग, तुमच्याच खात्यातल्या आमच्या भाच्याच्या बदलीचं तेवढं बघा."

संध्याकाळी वांगी तशीच परत. ड्रायव्हर म्हणाला, "आक्का, सायेबनी पिशवी उघाडी बी नही."

पल्लवी ओरडली नाही. हळूच म्हणाली, "आजी, आज मी मोटार मागते, उद्या ते मागतात. त्यात आम्ही घरचं काम कधी आणत नाही, म्हणून एका फोनवर मिळते. आता माझा फोन वाजला की त्यांना वाटेल, हिला आणखी काय हवंय?"

लाजेने मेले मी. पुढच्या खेपेला मोटार नाही मिळाली, तर त्या गावच्या बायांच्या डोक्यावर हंडा मीच चढवला म्हणायचा.

साहेबांना फोन करून माफी मागावी असं फार वाटतंय. की तीही माझी लुडबूडच होईल? खरं सांगा.