पारंपरिक पाळणा, सौजन्य अस्मादिक

सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठाच्या आवारात मी सतरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय. बोलणं हा माझ्या कामाचा भाग नाही आणि स्वभावाचाही नाही. म्हणून हे सांगायला दोन वर्षं लागली. इथे मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. जिथे एक नाव लिहायला हवं होतं तिथे लिहू दिलं नाही, आता उगाच नावांचा थाट कशाला?

गोष्ट एका अमेरिकन संगीतकाराची आहे. तो ऑपेरा लिहायचा. त्याची बायको आमच्याकडे प्रवाळांवर संशोधन करायला आली होती आणि तो तिच्याबरोबर आला होता. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, व्यवसायाच्या जागी ‘मुराफिक’ लिहिलेलं होतं, म्हणजे सोबत आलेला, आश्रित. चार ऑपेरा लिहिलेला साठीचा माणूस, आणि बँकेच्या खिडकीवर इकामा पुढे सरकवताना दरवेळी नव्याने खजील व्हायचा. आमच्या बायका वर्षानुवर्षं मुराफिक आहेत. त्यांचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्याचं मात्र फार वाईट वाटलं.

त्याच्या फोनवर सरकारी ॲप चालू करून दिलं, तिथून ओळख. त्याच्याकडे इथलं लायसन्स नव्हतं, म्हणून दर शनिवारी मी त्याला जेद्दाला बाजारात न्यायला लागलो. तासाभराचा रस्ता, आणि तेवढ्यात त्याचं आयुष्य. मक्याच्या शेतांमधलं गाव, वडील ट्रॅक्टर विकायचे, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. एकोणिसाव्या वर्षी त्याने पहिला ऑपेरा पाहिला. त्यात एक बाई क्षयाने मरता मरता इतका वेळ आणि इतक्या वरच्या पट्टीत गायली, की याने आयुष्यभर हेच करायचं ठरवलं.

पुढची चाळीस वर्षं त्याने ते केलं. त्याचा एक ऑपेरा धरणावर होता, एक दंतवैद्यावर. दंतवैद्याचे तीन प्रयोग झाले आणि एका वर्तमानपत्राने त्याला ‘प्रामाणिक’ म्हटलं. समीक्षकाला दुसरं काही सुचलं नाही की तो ‘प्रामाणिक’ म्हणतो, हे मला मराठी मासिकं वाचून ठाऊक होतं. मी मान डोलावली.

गाडीत तो मला तो ऑपेरा ऐकवायचा. दाढ काढावी की नाही हे दंतवैद्य अकरा मिनिटं गाऊन ठरवतो. तोवर ती आपोआप पडली असती. वाद्यं एकमेकांशी भांडल्यासारखी वाजत होती आणि मध्येच सगळी रुसून गप्प बसत होती. “कसं वाटलं?” त्याने विचारलं. “फार खोल आहे,” मी म्हणालो. तो माझा हात दाबून म्हणाला, की या देशात मला समजून घेणारा तू एकटाच.

झालं. मी जाणकार झालो. आमच्या संगीत नाटकाबद्दल मी त्याला व्याख्यानं देऊ लागलो. मेलेला नायक वन्समोअर आला की उठून पुन्हा गातो, हे त्याने वहीत लिहून घेतलं. माझं संगीताचं शिक्षण म्हणजे शाळेत दोन वर्षं पेटीचा क्लास, तोही मागच्या रांगेत. गाणं येतं ते माझ्या बायकोला. पण ती मागच्या सीटवर बसून कोथिंबिरीच्या जुड्या सांभाळत असायची, आणि तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

आवारातल्या सभागृहासाठी त्याला एक छोटा ऑपेरा करायचा होता. मोती काढायला गेलेल्या पाणबुड्याची बायको किनाऱ्यावर वाट बघते आहे. तिची अंगाई त्याला सुचत नव्हती. अशात एकदा तो आमच्याकडे जेवायला आला. बायको स्वयंपाकघरात पुढच्या बारशाचा पाळणा गुणगुणत बसवत होती.

हे जरा सांगायला हवं. बारशाला पाळणा म्हणतात तो बहुतेक घरी जुना, छापील असतो. जेद्दाच्या मराठी मंडळींत माझ्या बायकोमुळे वेगळीच रीत पडली होती. प्रत्येक बाळाला नवा पाळणा, नवे शब्द, नवी चाल, आणि शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव. त्यासाठी नाव तिला आधी सांगावं लागे. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करण्याआधी आईबापांखेरीज ते फक्त तिला माहीत असायचं, आणि इतक्या वर्षांत तिच्या तोंडून एकही फुटलं नाही. माझ्यापाशीसुद्धा.

अमेरिकनाने घास खाली ठेवला. आणखी म्हणाल का, असं त्याने माझ्याकडे बघत विचारलं. मी तिला सांगितलं. तिने आमच्या मुलीचा पाळणा म्हटला, वीस वर्षांपूर्वीचा. त्याने फोनवर रेकॉर्ड केलं. मग विचारलं, “हे कुणाचं आहे?”

पुन्हा मलाच विचारलं. ती सोलकढीचं पातेलं घेऊन माझ्या शेजारी उभी होती.

“पारंपरिक,” मी म्हणालो. “आमच्या कोकणपट्टीतलं. शेकडो वर्षं जुनं.”

का म्हणालो? बायकोने केलंय म्हटलं असतं तर ते घरगुती झालं असतं, लोणच्यासारखं. शेकडो वर्षं म्हटल्यावर त्याचे डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर, शेकडो वर्षांचा मालक मी होतो. तिने माझ्या वाटीत कढी ओतली, मग विचारलं, “अजून वाढू का तुम्हाला?” रागावली की ती फार अगत्याने वाढते.

प्रयोगाला आम्ही पुढच्या रांगेत होतो. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं, पारंपरिक अंगाई, कोकण, आणि खाली ‘सौजन्य’ म्हणून माझं नाव. बाहेरून आणलेली गायिका तो पाळणा गाऊ लागली तेव्हा शेजारी बायकोचा श्वास ऐकू आला. संपल्यावर त्याने रंगमंचावरून माझ्याकडे बोट दाखवलं. लोक टाळ्या वाजवू लागले. आणि मी उभा राहिलो. हात जोडून, मान किंचित झुकवून, एखाद्या घराण्याच्या वारसासारखा. ती बसून टाळ्या वाजवत होती. नंतर द्राक्षाच्या रसाचे पेले फिरले, त्यात तीन जणांनी मला कोकणच्या परंपरेविषयी विचारलं. मी सांगितलंही.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, “तिसऱ्या ओळीला त्याने सूर खाली आणलाय. माझा वर जातो.”

त्यानंतर तिने पाळणा केला नाही. बारशाचे फोन यायचे. ती म्हणायची गळा बरा नाही, पारंपरिक एखादा घ्या, छान असतात. ‘पारंपरिक’ म्हणताना आवाज अगदी साधा. जेद्दात बाळांची बारशी ब्लूटूथ स्पीकरवर व्हायला लागली. तिच्या गळ्याला काय झालंय हे मला माहीत होतं. मी तिला हळदीचं दूध करून द्यायचो. असा माणूस मी.

दोन वर्षं गेली. मुलगी कॅनडात शिकते, तिला इंटरनेटवर तो ऑपेरा सापडला, कुठल्याशा अमेरिकन गावातला प्रयोग. तिने मला फोन केला. “बाबा, हा माझा पाळणा आहे. खाली तुझं नाव का आहे?” मी म्हणालो, ते जरा गुंतागुंतीचं आहे. “इट इज नॉट, बाबा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात अमेरिकनाच्या बायकोचं काम संपलं. देश कायमचा सोडायचा तर फायनल एक्झिटचा परवाना लागतो, तो काढायला त्याने मलाच बोलावलं. खोक्यांमध्ये उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं.

“म्हणजे पाळणा रचणारी बाई जिवंत आहे?” तो म्हणाला, आणि दुसरं वाक्य प्रकाशकाला हक्कांचं काय कळवायचं याबद्दल होतं. मला जरा बरं वाटलं. वाटलं, आपल्यापेक्षा हलका माणूस सापडला. मग तो एका खोक्यावर बसला.

“तू खोटं बोललास,” तो म्हणाला. “पण ती समोर उभी होती. आणि मी विचारलं तुला.”

हलका माणूस मिळायचा तोही राहिला.

दुसऱ्या दिवशी तो स्वरलिपीचं जाड बाड घेऊन घरी आला. बायकोने चहा दिला. मी दुभाष्यासारखा खुर्ची ओढून मध्ये बसलो, तर ती त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागली, माझ्यापेक्षा बऱ्या. तिसरी ओळ तिने दोनदा गाऊन दाखवली. त्याने रबराने खोडून सूर वर नेला. मग पहिल्या पानावरचं ‘पारंपरिक’ खोडलं, माझं नाव खोडलं आणि तिचं नाव विचारलं. मी सवयीने स्पेलिंग सांगायला तोंड उघडलं. तिने माझ्याकडे न बघता तळहात वर केला, आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

तो गेल्यावर कप उचलताना म्हणाली, “आता बरं वाटतंय ना तुम्हाला?”

वाटत होतं. तोच तर टोमणा होता.

पुढे तीन आठवडे घरात माझ्या वाटीत फार अगत्याने वाढलं जात होतं. मग एका शुक्रवारी सकाळी तिचे हात पिठात असताना तिचा फोन वाजला. मी उचलला. जेद्दाची एक नवी आई, बारसं पंधरा दिवसांवर. “तिचा गळा...” मी सुरुवात केली आणि थांबलो. “तिलाच विचारा,” म्हणालो आणि फोन तिच्या कानाला लावून उभा राहिलो.

तिचं पीठ मळायचं थांबलं होतं.

“नाव फोनवर नको,” ती शेवटी म्हणाली. “अक्षरं किती आहेत तेवढं सांगा. आणि मुलगी की मुलगा.”

मग पिठाचे हात पुसून तिने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि मला म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर जा.”

मी गेलो.