पाळण्यातलं पोर कुणी पाजलं?

बायको गेल्यापासून घरातला टीव्ही मुका झालाय. सून कधी लावते, मी आत आलो की बंद करते. तिला वाटतं मला त्रास होतो. टीव्हीचा मला कसला त्रास? शेजारी बसून मधे मधे बोलणारं माणूस नाही, त्रास त्याचा आहे. आणि टीव्हीचं म्हणाल तर त्या डबड्यानं मला एकदा असा घोर लावला होता की तसा घोर पुढं दुष्काळानंसुद्धा लावला नाही.

आमचं गाव मार्गासनीच्या अलीकडं. गावात पहिला टीव्ही आला तो ग्रामपंचायतीचा. शाळेच्या व्हरांड्यात लाकडी कपाटात कुलूप लावून ठेवलेला. शेजारी उंच बांबू, बांबूला अँटेना, तोंड सिंहगडावरच्या टॉवरकडं. वारं सुटलं की अँटेना फिरायची आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग कुणीतरी उठून बांबू धरायचा आणि आतली माणसं ओरडायची, "आलं! गेलं! आलं! हां, तसाच धर!" बांबू धरणाऱ्याला काहीच दिसायचं नाही. तो नुसतं विचारायचा, "काय झालं रं? का हसताय?"

आठवड्यातून एकदा संध्याकाळी एक शास्त्राची मालिका लागायची. चष्मेवाला एक शास्त्रज्ञ, घरातल्या घरात नवं नवं यंत्र काढणारा. एकदा माणूस दिसेनासा केला, एकदा म्हैस बोलायला लावली. दर वेळी गोष्ट नवी, आणि त्याच दिवशी संपायची.

त्या वेळी बायकोला सातवा महिना सरत आला होता. आधीची दोन पोरं हाताला लागली नव्हती. पहिलं आठवड्याच्या आत गेलं. दुसरं जन्मलं तेच गार. हे तिसरं. सरकारी नर्सबाई बघून गेली आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, "हिच्या अंगात रक्त नाही. खायला घाला. ह्या खेपेला उपासतापास केलात तर मला बोलवायला येऊ नका." बोलायला खडूस होती, पण खरं तेच बोलायची. बायको घरात बसून नुसती भिंतीकडं बघायची. म्हणून माझी आईच म्हणाली, "जा घिऊन तिला त्या टीव्हीला. हसंल तरी जरा."

गेलो. त्या दिवशीची गोष्ट अशी की शास्त्रज्ञाची बहीण आणि तिचा नवरा सारखे भांडत होते. तो म्हणायचा घरात बसून तुला काय काम, ती म्हणायची खुर्चीवर बसून तुम्हाला काय काम. शास्त्रज्ञानं दोघांना दोन खुर्च्यांवर बसवलं, डोक्यावर तांब्याची भांडी पालथी घातली, वायरी जोडल्या. धूर निघाला. उठले तर नवऱ्याचा जीव बायकोच्या कुडीत आणि बायकोचा नवऱ्याच्या.

मग काय विचारता! ती बाई ढांगा टाकत चालायला लागली. नसलेल्या मिशीला पीळ घातला. आणि तो मिशीवाला गडी, सासरे समोर आले तर टॉवेल डोक्यावर घेऊन दाराआड झाला. शाळेचा व्हरांडा हसून पडायचा राहिला.

तालमीतले वस्ताद म्हणाले, "गडी बाई झाला त्यात काय न्हाई, तमाशात रोज हुतो. पर ही बाई बघा. पाऊल कसं टाकती! दोन म्हैनं मातीत घाला, कुस्ती धरंल."

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, "त्याला दोन हंडं पाणी आणाया लावा आदी!"

"आमच्या धन्याला बशिवते बया त्या खुर्चीत," दुसरी म्हणाली.

तिचा धनी मागंच होता. "बशीव की! मग सकाळची दाढी तू करायची माझी."

"करीन! तुमी चुलीम्होरं बसा, डोळं पुसत."

माझी बायकोही हसत होती. पदर तोंडाला लावून, दुसरा हात पोटावर. मी पडद्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघत होतो.

शेवटी शास्त्रज्ञ म्हणाला, आता परत बसा, पूर्ववत करतो. पण यंत्राचा एक भाग जळलाय, जमलं तर जमलं. दोघं भेदरून खुर्च्यांवर बसली. भांडी डोक्यावर. त्यानं खटक्याला हात घातला.

आणि लाईट गेली.

सगळे "आऽऽ" करून ओरडले. वायरमनच्या नावानं शिव्या झाल्या. बराच वेळ बसून माणसं उठली. येताना वाटेवर बायको एकदम थांबली. म्हणाली, "आवं, त्या पोराला आता पाजनार कोण?"

"कंचं पोर?"

"त्येंच्या घरात पाळणा न्हवता का कोपऱ्यात? आई गड्याच्या अंगात गेली. दूध बाईच्या अंगात, पर तिच्यात ह्यो बाप्या. त्याला काय कळतंय पोराचं?"

पाळणा मीही बघितला होता. मी म्हणालो, "खुळी का काय तू? नाटक हाय ते." पण घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं, आणि खरी गोष्ट तिथं बिघडली.

आमच्याकडं गिराण, म्हणजे ग्रहण, पोटुशी बाई पाळते. गिराण लागलं की तिनं विळीला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही, खायचं नाही. सुटलं हे कुणीतरी बघून सांगायचं, मग अंघोळ करायची, मग घास घ्यायचा. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, जीव हिकडचा तिकडं हुताना बघितलास, आन जागी परत आलेला न्हाई बघितलास? हे गिराण लागलं म्हणायचं की. सुटल्याबिगर कसं उठलीस तू तिथनं?"

मी आईवर ओरडलो. आईही घाबरली, कारण दोन नातवंडं तिनंही हातानं पुरली होती. "म्या कुठं म्हन्ते उपाशी ऱ्हा? खा म्हणावं. पर विळी नगं." असं म्हणाली खरी, पण बी पडलं ते पडलं. बायको विळीला शिवेना. सुई टोचून ठेवली ती तशीच. ताटावर बसायची, भात चिवडायची आणि म्हणायची, घास खाली उतरत न्हाई. रात्री कूस बदलायची नाही, पोटातलं हलंल म्हणून. तोंड चुन्यासारखं होत चाललं.

मी गुरुजींना गाठलं. गुरुजी म्हणाले, "अरे, दर वेळी शेवट गोडच असतो. झाले असतील बरोबर." घरी येऊन तसं सांगितलं. बायको म्हणाली, "असतील म्हंजे? गुर्जींनी बघितलं का?"

नाही बघितलं. कसं बघणार, तेही अंधारातच बसले होते आमच्याबरोबर.

"मग ज्यानं बघितलं त्याला इचारून या."

तर मी भोरला गेलो. नसरापूर फाट्यावर एसटी बदलून. भाताच्या खाचरातलं तण बेणायचं सोडून माणूस टीव्हीतल्या बाईची चौकशी करायला भोरपर्यंत गेला, हे गावाला कळलं असतं तर मेल्यावरही हसले असते. पण नर्सबाईचं बोलणं कानात होतं. ही अशीच सुकत गेली तर पोर तर जाईलच, ही तरी राहील का, ह्या एका गोष्टीपुढं मला लाज सुचत नव्हती.

भोरात तेव्हा टीव्ही होते, पण मोजक्या घरी. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याकडं एक होता. त्याला विचारलं. "बघितलं ना," म्हणाला. "फालतू! बाईनं मिशीला पीळ द्यायचा? पैसं सरकारचं, काय बी दाखवत्यात."

"पर शेवट काय झाला?"

"त्या वक्ताला भजी तळत हुतो मी. गिऱ्हाईक हुतं."

एका वकिलाच्या कारकुनाकडं गेलो. तो म्हणाला, स्त्रीजातीची टिंगल केली आहे, मी पत्र लिहिणार आहे. शेवट? संतापून मधेच बंद केला त्यानं टीव्ही. त्याची बायको आतून म्हणाली, "टिंगल कुठं बायकांची? पुरुषाची झाली म्हणून राग आला." त्यांचंच भांडण जुंपलं, मी चपला घातल्या.

दवाखान्यातला कंपाउंडर चांगला ओळखीचा. तो आठवून आठवून हसला. टॉवेल घेऊन दाराआड होऊन दाखवलं. "लई भारी, लई भारी," म्हणाला.

"शेवटी परत झाली का आपापल्या जागी?"

त्यानं डोकं खाजवलं. "न्हाई वाटतं. तशीच ऱ्हायली बहुतेक. म्हणून तर गंमत!"

खरं सांगतो, नाटक आहे हे मला कळत होतं. तरी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. घरी जाऊन हे कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर माझं तोंड बघून ती ओळखणार. माझं तोंड कधीच माझ्या ताब्यात नव्हतं.

तसाच बाजारपेठेत फिरलो. बांगड्यांच्या दुकानात मुसलमानाची एक बाई बसायची. वयस्क, तोंडाळ, मराठी आमच्यासारखंच बोलणारी. डोक्यावर पेटारा घेऊन ती वेल्ह्याकडच्या गावांतही फिरायची. बायकोला हिरव्या बांगड्या भरायच्या म्हणून विचारायला थांबलो आणि उगंच टीव्हीचा, लाईट गेल्याचा विषय काढला.

"अय्या, ती दोघं खुर्चीवाली?" ती एकदम खुलली. "शेजारणीच्या खिडकीत उभी राहून सगळं बघितलं म्या. पाय दुखले पण हलले न्हाई. शेवटी काय हुतं..."

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचा दुकानदार बघायला लागला. "मला सांगू नगा. माझ्या मालकिणीला सांगा. म्या सांगितलं तर म्हणंल मनानं रचून आणलं."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कितवा?"

"सातवा सरला."

"येते," म्हणाली. गाव तेवढं विचारून घेतलं; का, कशाला, काही विचारलं नाही.

एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी केवढा गाढवपणा केलाय. शेवट आधी मी ऐकून घ्यायला पाहिजे होता. आता तो वाईट निघाला तर त्या बाईच्या तोंडाला कोण झाकण लावणार?

ती आली. ओट्यावर पेटारा उतरवला, बायकोचा हात हातात घेतला, दाबून दाबून मऊ केला. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी दोरी वळायचं नाटक करत खाली बसलो. दोरी कुणीकडं वळतोय ते माझं मला कळत नव्हतं.

"हात ढिला सोड गं. हां. तर काय झालं, त्यानं खटका दाबला."

"मग?"

"मग धूर. हा धूर! म्या म्हटलं मेली दोघं."

आईनं "अगं बया" केलं. मी दोरी सोडली.

"मग ती बाई उठली. पहिलं काय केलं म्हाईत हाय? पदर नीट केला. आन गड्यानं मिशीला हात लावून बघितला, हाय का न्हाई. जो तो आपल्या जागी. सुटलं!"

आईनं दोन्ही हात जोडले. मी मोठा श्वास घेतला. पण बायकोच्या तोंडावर काही हललं नाही.

"आन पोर?" तिनं विचारलं.

"कंचं पोर गं?"

"पाळण्यातलं. त्याला मधल्या वक्ताला कुणी पाजलं?"

"पोर न्हवतंच. पाळणा रिकामाच हुता."

रिकामा पाळणा. माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, हे शब्द. मला वाटलं त्या बाईचा पेटारा उचलून फेकावा. ती दोन पोरं मला समोर दिसली. आईनं डोळे मिटून घेतले.

बायकोनं बांगडीवाल्या बाईकडं टक लावून बघितलं. "तुमी नीट बघितलं?"

"नीट म्हंजे? खिडकीत हुते म्या! अगं, घरातली वाळलेली कापडं टाकली हुती त्यात. शेवटी त्या गड्यानं त्यातनंच सदरा काढून घातला. तुमच्या गावची लाईट गेली म्हणून तुला दिसलं न्हाई."

बायकोनं दुसरा हात पोटावर ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे कुणाचं पोर उपाशी न्हाई ऱ्हायलं."

"कुणाचं न्हाई."

"मला वाटलं रडताना ऐकलं म्या."

"तुझ्या कानात असंल," ती बाई हळू आवाजात म्हणाली आणि शेवटची बांगडी चढवली. भरलेला हात तिनं लगेच सोडला नाही, तसाच धरून ठेवला.

बायको उठली. आईला म्हणाली, "आत्याबाई, पाणी तापवा. न्हाते. आन भाकरी हाय का उरल्याली?" पाणी मी तापवलं. आई भाकरीला लागली. बायकोनं अंघोळ करून दीड भाकरी खाल्ली, झुणक्याबरोबर, आणि बांगडीवाल्या बाईलाही बळं बळं जेवायला बसवलं. जेवताना दोघी त्या गड्याच्या टॉवेलाला हसत होत्या.

पुढं मुलगी झाली. रडायला तिनं वेळ लावला, आणि तेवढ्या वेळात मी ओट्यावर म्हातारा झालो. पण रडली. आज तिला नातू आहे.

त्यानंतर बायकोनं एक मनात घेतलं ते घेतलं. शेवट माहीत असल्याशिवाय गोष्टीला बसायची नाही. टीव्ही असो, तमाशाचा वग असो, शेजारच्या घरातलं भांडण असो, मला पुढं पाठवायची. "शेवट काय हाय ते आदी सांगा. मग बघती." मी जाऊन यायचो, सांगायचो, मग ती निवांत बसायची. माणसं हसायची आम्हाला.

तिच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं. आत आलो तर ती जागी होती, माझ्याकडंच बघत होती. आता विचारंल म्हणून मी उभा राहिलो. तिनं विचारलं नाही. म्हणाली, "उभं का? बसा की."