आजींच्या नावावर आलेला मसाला

माझं शिक्षण चौथी. तीही दोनदा केली. त्यामुळं हॅम्बर्गात अकरा वर्षं काढूनसुद्धा सरकारी पत्र आलं की मी ते फ्रिजवर चिकटवतो आणि आपोआप मिटेल म्हणून वाट बघतो. स्वयंपाक तेवढा येतो. एका इंडियन रेस्टॉरंटात आचारी आहे.

इथं आपण घरी नसलो की पोस्टमन पार्सल शेजाऱ्याकडं ठेवून जातो. आमची सगळी बिल्डिंग एकमेकांची पार्सलं घेते, फक्त माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी घेत नाहीत. सत्त्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. दार अर्धं उघडायचं, "नाइन", म्हणजे नाही, म्हणायचं, दार बंद. मी चेष्टा करायचो, "आजी, बॉम्ब नाहीये, चकली आहे." त्या हसायच्या नाहीत. मला वाटायचं, माझं जर्मन कच्चं.

मग मी डोकं चालवलं. असं मी क्वचित करतो, आणि भोगावं दुसऱ्याला लागतं. साताऱ्याहून ताई मसाला पाठवणार होती. म्हणलं, "ताई, पार्सलवर खालच्या आजींचं नाव घाल. स्वतःच्या नावाचं तरी घेतील."

"अरे येड्या, त्यांना विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं?"

आपल्यात कोण विचारतं? पुण्याहून कुणी इकडं निघालं की दहा जण पिशव्या आणून देतात. कुणाचं लोणचं, कुणाची औषधं. उघडून बघणं म्हणजे संशय घेतल्यासारखं. मीसुद्धा एकदा एका अनोळखी माणसाचा डबा आणला होता. आत काय होतं, आजतागायत माहीत नाही.

तीन आठवड्यांनी दुपारच्या सुट्टीत घरी आलो, तर आजींचं दार सताड उघडं. आजी आत खुर्चीवर बसलेल्या, अंगात जाड कोट, मांडीवर बॅग. ऐन जुलैच्या उन्हाळ्यात.

"कुठं निघालात आजी, हनिमूनला?"

त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. "कुंड्यांना पाणी घाल. ते मला न्यायला येतील."

"कोण येतील?"

त्यांनी पत्र दाखवलं. त्सोलआम्टचं, म्हणजे कस्टम ऑफिसचं. तेवढा शब्द मी ओळखतो, माझ्या फ्रिजवर तसली दोन आहेत. बाकीचं त्यांनीच वाचून दाखवलं. तुमच्या नावावर पार्सल आलंय, आत काय आहे ते कळत नाही, येऊन खुलासा करा.

मी हसलो. सांगायला लाज वाटते, पण पोट धरून हसलो. "आजी, तो माझा मसाला! तुमचं नाव मीच घातलं!"

"माझी आईपण हेच म्हणाली होती," त्या म्हणाल्या. "पुडकं माझं नाही."

दुसऱ्या महायुद्धाचा शेवटचा हिवाळा होता, त्यांचं गाव सरहद्दीजवळ. शेजारणीनं आईला एक पुडकं दिलं, पलीकडच्या गावात बहिणीला दे म्हणून. आईनं उघडलं नाही. दुसऱ्याचं कोण उघडतं? वाटेत सैनिकांनी धरलं. आत कॉफी निघाली आणि कॉफीखाली एक कागद, तोफा कुठं उभ्या आहेत ते काढलेला. कॉफीबद्दल स्मगलिंग, कागदाबद्दल हेरगिरी. लष्करी कोर्ट म्हणजे गावातली शाळा आणि वर्दीतले तिघं. वकील नाही. सात वर्षांच्या आजी बाहेर बाकावर.

"मला भूक लागायच्या आत संपलं. आई म्हणाली, आत काय होतं ते मला माहीत नाही. साहेब म्हणाला, हातात तुझ्याच होतं ना? संध्याकाळी शाळेमागं गोळी घातली. तिचा कोट मला आणून दिला." त्यांनी अंगातल्या कोटाची कॉलर घट्ट धरली. "तिला थंडी वाजली असणार. मी कोट काढणार नाही."

मी दारातच बसलो. चार वर्षं ह्या बाईला मी बॉम्बचा विनोद ऐकवत होतो.

"मी जातो," म्हणलं. "तुम्ही घरी थांबा."

"नाव माझं आहे. मी येते."

त्सोलआम्टात एक तरुण साहेब. त्यानं मलाच पार्सल फोडायला लावलं. ताईनं सगळ्या पुड्यांना स्टेपलच्या पिना मारलेल्या, चिठ्ठी एकीवरही नाही. साहेबाला पटावं म्हणून मी काळ्या मसाल्याची चिमूट तोंडात टाकली. ठसका लागला, डोळ्यातून पाणी.

"गेनाऊ, बरोबर, मसाला," साहेब म्हणाला. "घेऊन जा."

आजी उठेनात. "इतक्यात संपलं?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. "तेव्हाही असंच लवकर संपलं."

मी, कागदाला भिणारा माणूस, साहेबापुढं हात जोडले. "लिहून द्या. पार्सल माझं, ह्यांना काही माहीत नव्हतं."

"असा फॉर्म नसतो."

"साध्या कागदावर द्या."

त्यानं एकदा आजींच्या कोटाकडं बघितलं आणि लिहिलं. शिक्का मारला. खाली मी सही केली. आजींनी तो कागद दोनदा वाचला आणि मग कोटाचं वरचं बटण काढलं. मग खालचं.

मी कोट घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. विचारलं, "आजी, मी धरू का?"

त्यांनी आधी दोन्ही खिसे उलटे करून मला दाखवले, मग साहेबाला. आणि मगच कोट माझ्या हातात दिला.